जे दिले, ते राहिले : सुरतेचे प्रेमचंद रायचंद

सुरत हे नाव आपण मराठी माणसे पहिल्यांदा वाचतो ते चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात. जानेवारी १६६४ मधली महाराजांची स्वारी, वीरजी व्होरासारख्या गडगंज सावकारांची संपत्ती, मग ऑक्टोबर १६७० मधली दुसरी स्वारी. पुढे पोटापाण्यासाठी आपल्यापैकी कित्येकांची घराणी तापीकाठी आली, उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावली आणि पुस्तकातली सुरत मागे पडून लूमची, साडीची, हिऱ्याची सुरत आपली झाली. पण या शहराच्या इतिहासात पुस्तकाने न सांगितलेले आणखी एक मोठे प्रकरण आहे. सुरतेत जन्मलेले एक गृहस्थ मुंबईला गेले, तिथल्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले, त्यांच्या एका होकारावर बँका आणि शेठ-सावकार हलू लागले, आणि अखेर त्यांच्याबरोबर मुंबईतली असंख्य घरे बुडाली. त्यांचे नाव प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. ते मूळचे सुरतेचे, हे मात्र सुरतेत राहणाऱ्या आपल्यालाही बऱ्याचदा माहीत नसते.

प्रेमचंदशेठ यांच्याविषयी लिहिताना एक अडचण येते, ती आधीच सांगून टाकतो. दानशूर म्हणून त्यांना हार घालावा, तर त्यांच्या नादाने देशोधडीला लागलेली कुटुंबे समोर येतात. सट्टेबाज म्हणून हात झटकावे, तर त्यांच्या पैशावर शिकून मोठी झालेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे समोर येतात. वर्गणीच्या आणि देणगीच्या पैशावर ज्यांची कामे चालतात, अशा आपल्यासारख्या मंडळांना तर ही अडचण परकी नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांची गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायचे आम्ही ठरवले.

उतरती सुरत

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मधला, एका जैन व्यापारी कुटुंबातला. वडिलांचे नाव रायचंद दीपचंद, आईचे राजाबाई. ज्या सुरतेत ते जन्मले तिचे वैभव तेव्हा ओसरत होते. मोगलांच्या काळात हजला जाणारी जहाजे याच बंदरातून सुटत, इंग्रजांची हिंदुस्थानातली पहिली वखारही याच शहरात. पण अठराव्या शतकात मुंबईचे बंदर वर आले आणि सुरतेची एकेक कला, एकेक पेढी तिकडे सरकू लागली. जहाजबांधणीतले उस्ताद लवजी वाडिया १७३६ मध्येच मुंबईला गेले होते. त्यात २४ एप्रिल १८३७ रोजी सुरतेत मोठी आग लागली. नऊ हजारांहून जास्त घरे जळाली, आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. पुढच्या दहा वर्षांत शहराची वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास उतरली. ज्यांना जमले ते मुंबईला गेले. रायचंद दीपचंद यांचे कुटुंबही मुलाला घेऊन मुंबईला आले.

गाव उतरणीला लागले की माणसे चढत्या गावाकडे जातात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा ओघ सुरतेकडून मुंबईकडे होता. नंतर तो धुळे, नंदुरबार, जळगावाकडून सुरतेकडे वळला, आणि १९०० च्या सुमारास पुरी झालेली ताप्ती व्हॅली रेल्वे त्याची वाट झाली. त्या वाटेने आलेल्यांना रायचंद कुटुंबाचे बिऱ्हाड हलवणे समजावून सांगायला नको.

दलालीची विद्या

मुंबईत प्रेमचंद इंग्रजी शिकले. आज हे वाक्य साधे वाटेल, पण त्या काळी बाजारातल्या दलालांत इंग्रजी जाणणारा माणूस विरळा होता. बँका आणि मोठ्या कंपन्या इंग्रजांच्या, कागदपत्र इंग्रजीत, आणि पैसा मात्र गुजराती, मारवाडी, पारशी, भाटिया पेढ्यांकडे. या दोघांच्या मधोमध उभे राहून दोघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा होता. १८४९ च्या सुमारास प्रेमचंद हे रतनचंद लाला या दलालांच्या हाताखाली लागले आणि पुढे त्यांचा धंदा स्वतः पाहू लागले. टाऊन हॉलसमोरच्या झाडांखाली मूठभर दलाल जमून बँकांच्या शेअरची देवघेव करत, तेव्हाचा हा काळ. आजच्या दलाल स्ट्रीटचे मूळ त्या झाडांखाली आहे.

प्रेमचंदशेठ यांच्याविषयी मुंबईच्या बाजारात एक गोष्ट सांगत. विलायतेची टपाल घेऊन येणारी आगबोट बंदराला लागण्याआधीच त्यांची माणसे छोट्या होड्यांतून तिच्यापर्यंत पोहोचत आणि लिव्हरपूलचे कापसाचे भाव घेऊन परत फिरत. बाकीच्या बाजाराला भाव कळेपर्यंत शेठजींचे सौदे झालेले असत. विलायतेशी तारेने बोलणे सुरू होण्याआधी बातमी बोटीच्या वेगानेच येत होती, आणि ती दोन-चार तास आधी मिळणे हेच मोठे भांडवल होते.

‘सुरत’ नावाचा कापूस

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी राहू लागले. मग विलायतेची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. गंमत अशी, की पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या या कापसाला लँकेशायरमध्ये ‘सुरत’ असेच म्हणत. तो भडोचचा असो, खानदेशचा असो की धारवाडचा, तिथल्या बाजारात त्याचे नाव सुरत. एके काळी ज्या बंदरातून माल निघे, त्याचे नाव मालाला कायमचे चिकटले होते. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस मागावर सतत तुटे, म्हणून तिथले विणकर त्याला शिव्या घालत. निकृष्ट, भेसळीच्या मालाला ‘सुरत’ म्हणण्यापर्यंत मजल गेली होती.

शिव्या घालत का होईना, घ्यावा मात्र तोच लागे. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सात ते साडेसात कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले, असा हिशेब नंतर मांडला गेला. पौंडाला दहा रुपये या त्या वेळच्या दराने ती रक्कम सत्तर-पंचाहत्तर कोटी रुपये होते. गाद्यांतला कापूस उसवून विकल्याच्या गोष्टी मुंबईत सांगितल्या जात. खानदेश, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने ज्वारीच्या शेतात कापूस घातला आणि सावकाराने त्याला हात आखडता न घेता कर्ज दिले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शेतातला तो कापूस मुंबईच्या बंदरावर ‘सुरत’ होऊन विलायतेला गेला.

शेअरचे वेड

एवढा पैसा शहरात आला, तो जाणार कुठे? कारखाने थोडे, जमीन अपुरी. मग कंपन्या निघू लागल्या. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, विमा कंपन्या, जहाज कंपन्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. यांतल्या पुष्कळशांना काम असे काहीच नव्हते. शेअर काढायचे, ते चढ्या भावाने विकायचे, त्याच शेअरवर बँकेतून कर्ज घ्यायचे आणि त्या कर्जातून पुढच्या कंपनीचे शेअर घ्यायचे.

या साऱ्या खेळाच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही त्यांच्या पुढाकाराची संस्था. बॅक बे रेक्लमेशन कंपनीमागेही त्यांचे बळ होते. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उथळ समुद्रात भर घालून जमीन करायची, अशी ती योजना. पाच हजार रुपयांचा तिचा शेअर पन्नास हजारांवर गेला. कोणत्या कंपनीचे किती शेअर कोणाला मिळणार, हे प्रेमचंदशेठ ठरवत, म्हणून पहाटेपासून त्यांच्या भायखळ्याच्या बंगल्यावर माणसांची रीघ लागे. त्यांचा भागीदार होण्यासाठी शेठ, वकील, डॉक्टर, गोरे साहेब सगळेच धडपडत. जमशेटजी टाटा यांचे वडील नसरवानजी हेही त्यांच्याबरोबर व्यवहारात होते. संस्कृतचे पंडित आणि गोरगरिबांचे डॉक्टर म्हणून नावाजलेले आपले भाऊ दाजी लाड हेही या लाटेत उतरले.

खुर्चीविना राजकारण

शहराच्या कारभारात तेव्हा लोकांनी निवडून दिलेला माणूस नव्हता. सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस आणि सरकारदरबारी वजन असलेले शेठ, एवढ्यांतच मुंबईचे राजकारण चाले. या वर्गातले आपले सर्वांत मोठे नाव म्हणजे नाना शंकरशेठ. नानांनी १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन उभारण्यात पुढाकार घेतला, विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला, आणि १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. त्यांची वाट सभा, अर्ज, समित्या आणि शाळा यांची होती. प्रेमचंदशेठ यांची वाट वेगळी. ते खुर्चीवर बसण्याऐवजी खुर्चीवर बसलेल्यांना आपल्याकडे आणत.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना मुंबई नव्याने बांधायची होती. किल्ल्याचे तट पाडायचे, रस्ते रुंद करायचे, सरकारी इमारती उभारायच्या, आणि त्यासाठी शेठांचा पैसा हवा होता. बॅक बे कंपनीचे चारशे शेअर खुद्द मुंबई सरकार घेणार होते. हिंदुस्थान सरकारने ते अडवले, तेव्हा ते शेअर लिलावात विकले गेले आणि त्यांवर एक कोटीहून अधिक रुपये वरकमाई आली. सरकारच खेळात उतरलेले पाहिल्यावर सामान्य माणसाने का थांबावे?

सर्वांत मोठा अनर्थ मात्र बँक ऑफ बॉम्बेत झाला. १८४० मध्ये सुरू झालेली ही बँक निमसरकारी. तिच्यात सरकारचे भांडवल होते आणि संचालक मंडळावर सरकारची माणसे होती. १८६३ च्या नव्या कायद्याने शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंदशेठ यांचा विलक्षण पगडा होता. त्यांना आणि त्यांच्या शिफारशीच्या लोकांना कर्जे मिळत गेली. ज्यांनी कर्ज देण्याआधी चौकशी करायची, ते स्वतःच शेअर खेळत होते. आज एखादी सहकारी बँक किंवा पतपेढी बुडाल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा जी कारणे छापून येतात, ती सगळी तेव्हाच्या त्या बँकेत सापडतात.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. ती बातमी मुंबईला पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळू लागले. बाजारात वायद्याचे अफाट सौदे झालेले होते आणि त्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस १ जुलै ठरलेला होता. त्या दिवशी पैसे द्यायला कोणीच पुढे आले नाही. एकाने दुसऱ्याला दिले नाहीत, म्हणून दुसऱ्याने तिसऱ्याला दिले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, त्याला शेवटी ८७ रुपयेसुद्धा मुश्किलीने मिळाले. बॅक बेच्या शेअरचीही तीच गत झाली. दिवाळखोरांची संख्या एवढी वाढली की त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना शंकरशेठ गेले. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा एक कालखंड अशा रीतीने एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी संपला.

भाऊ दाजींची आयुष्यभराची कमाई या घसरणीत गेली. तरुण जमशेटजी टाटा विलायतेत होते, त्यांच्या हातातली कागदे रद्दी ठरली. प्रेमचंदशेठ यांची पेढी १८६६ मध्ये बुडाली, देणे कोटींच्या घरात होते. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. त्या चौकशीत प्रेमचंदशेठ यांचे नाव वारंवार आले. यातले काही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या माणसावर विश्वास ठेवून ज्यांनी घर गहाण टाकले, त्यांना पुढे त्याच्या दानधर्माचे कौतुक ऐकून काय वाटले असेल, याचा विचार त्यांचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.

घसरणीची झळ मुंबईपुरती राहिली नाही. कापसाच्या भावावर भरवसा ठेवून कर्ज काढलेला दख्खनचा शेतकरी भाव उतरल्यावर सावकाराच्या वहीत अडकला, त्यात शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. त्याला कारणे अनेक होती, पण चढलेल्या आणि पडलेल्या कापसाचे कारण त्यांत आहेच. मुंबईतही तेजीच्या काळातल्या मोठमोठ्या योजनांचा खर्च करदात्यांवर पडला. १८७१ मध्ये त्यांनी चळवळ केली आणि १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेत निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायची पद्धत आली. बंद दाराआडचा शेठ-साहेबांचा कारभार काय करून बसतो, हे शहराने पाहिले होते.

उरले ते काय?

आता दुसरी बाजू. तेजी ऐन भरात असताना, १८६४ मध्ये, प्रेमचंदशेठ यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ आणखी दोन लाख दिले ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. त्या मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे, एवढी इच्छा. विद्यापीठ तेव्हा सात वर्षांचे होते आणि त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली तेव्हा देणगीदार दिवाळखोर झालेला होता. पण पैसा विद्यापीठाच्या हाती सुरक्षित होता आणि मधल्या वर्षांत त्यावर व्याज जमले होते. इंग्लंडमध्ये बसून सर गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडे काढले, आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा टॉवर पुरा झाला. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने टोल्यांचे घड्याळ बांधले, अशी आख्यायिका मुंबईत आजही सांगतात.

कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले. मुंबईच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याला देणगी द्यावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट. त्या रकमेच्या व्याजातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली आणि बंगालमध्ये ती विद्वत्तेची सर्वोच्च खूण मानली गेली. आशुतोष मुखर्जी, रमेशचंद्र मजुमदार यांना ती मिळाली. आणि १८९७ मध्ये ती मिळाली जदुनाथ सरकार यांना. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. जदुनाथांनी पुढे औरंगजेबाचा आणि शिवछत्रपतींचा इतिहास लिहिला. त्यांच्या शिवचरित्रात सुरतेवरच्या दोन्ही स्वाऱ्यांचे तपशीलवार वर्णन आहे. त्यांच्या मतांशी आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातले, आणि ते घालायलाच हवे होते. पण ज्या शहराच्या सावकारांची संपत्ती महाराजांनी स्वराज्यासाठी नेली, त्याच शहरात जन्मलेल्या एका व्यापाऱ्याच्या देणगीने महाराजांच्या चरित्रकाराला संशोधनाच्या सुरुवातीला आधार दिला, ही सांगड आम्हाला सुरतकर मराठी माणसांच्या खास जिव्हाळ्याची वाटते.

अहमदाबादला शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज, भडोचला वडिलांच्या नावाचे ग्रंथालय, जन्मगाव सुरतेत मुलींच्या शिक्षणासाठी मदत, हीदेखील त्यांचीच कामे. बायकांनी शिकावे की नाही यावर घरोघरी भांडणे होत, त्या काळातली ही देणगी आहे.

पेढी बुडाल्यावर प्रेमचंदशेठ मुंबई सोडून पळाले नाहीत. त्याच बाजारात पुन्हा दलाली करू लागले. पहिली श्रीमंती परत आली नाही, पण पत आली. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. एक रुपया प्रवेश फी, ३१८ सभासद. आजच्या मुंबई शेअर बाजाराची ही सुरुवात आणि तिच्या संस्थापकांत प्रेमचंद रायचंद होते. मनमानी सौद्यांनी काय होते हे ज्यांनी भोगले, त्यांनीच नियमांची चौकट घातली. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. दिनशा वाच्छांसारख्या काँग्रेसच्या पुढाऱ्याने पुढे त्यांचे चरित्र लिहिले.

प्रेमचंदशेठ यांनी मिळवलेल्या कोट्यवधी रुपयांपैकी जे शेअरमध्ये राहिले ते गेले, जे बँकेत राहिले ते गेले, जे मित्रांना दिले तेही गेले. तेजी ओसरण्याच्या आत जे शाळांना, ग्रंथालयांना आणि विद्यार्थ्यांना देऊन टाकले, तेवढे राहिले. म्हणून बुडालेल्यांचे नुकसान भरून निघत नाही. दान हे हिशेब मिटवण्याचे साधन नव्हे, आणि आम्हीही ते तसे मानत नाही. पण देणगी कशी द्यावी, याचा एक धडा त्यात नक्की आहे. त्यांनी पैसा अशा संस्थांच्या हाती दिला, जिथे तो परत मागायचा त्यांचा हक्क उरला नाही. मुद्दल तसेच ठेवून व्याजावर शिष्यवृत्ती चालवली गेली, म्हणून ती देणाऱ्याच्या दिवाळखोरीनंतरही आणि मृत्यूनंतरही चालू राहिली.

गणेशोत्सवात आपल्या मंडळांकडे सुरतेच्या बाजारातून वर्गणी येते. मराठी, गुजराती, मारवाडी, सिंधी सगळे देतात. त्यातला मोठा भाग मांडव, रोषणाई आणि मिरवणुकीत दहा दिवसांत संपतो, आणि उत्सव म्हटला की ते व्हायचेच. पण दरवर्षी त्यातली थोडी रक्कम बाजूला काढून, मुद्दलाला हात न लावता तिच्या व्याजावर लिंबायत-उधन्यातल्या एखाद्या लूम कामगाराच्या मुलीची कॉलेजची फी भरता येईल का, याचा विचार व्हावा. सुरतेत मंदी येते तेव्हा लूम थांबतात, हिऱ्याच्या घंट्या थांबतात, आणि सगळ्यांत आधी मुलींचे शिक्षण थांबते. प्रेमचंदशेठ यांनी तेजी असतानाच ते पैसे वेगळे काढले होते. गणरायाच्या कृपेने यंदा बाजार बरा असेल, तर आपणही यंदाच सुरुवात करावी, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.